जुना ॲपलटॉक फाइल सर्व्हर टीसीपी/आयपीवर आणताना मधला गेटवे नेमकं काय करतो

प्रश्न असा आहे: कामाच्या जागी एक जुना फाइल सर्व्हर आहे आणि तो फक्त ॲपलटॉक (ॲपलच्या जुन्या मॅकची नेटवर्कची भाषा) बोलतो. बाकीचं सगळं नेटवर्क टीसीपी/आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या भाषेवर, गेलंय. मधे गेटवे सॉफ्टवेअर बसवलं की लांबच्या मशीनवरूनही, अगदी इंटरनेटवरूनही, त्या फायली उघडतात, असं ऐकलंय. पण ते सॉफ्टवेअर आत काय करतं? जुनं पॅकेट नव्या पाकिटात घालतं की भाषांतर करतं? आणि काही ठिकाणी वेग इतका का पडतो?

अशा गेटवेंवर मी बरीच वर्षं काम केलंय, एक स्वतः लिहिलाही आहे. सरळ उत्तर आधी देतो. चांगला गेटवे पॅकेट पाकिटात घालत नाही आणि फाइलच्या आज्ञांचं भाषांतरही करत नाही. तो या दोन्हींच्या मधे, सेशनच्या (म्हणजे लॉगिनपासून बंद होईपर्यंतच्या एका जोडणीच्या) थरावर उभा असतो. "ही फाइल उघड, इथून इतके बाइट दे" ही आज्ञा बहुतेक वेळा जशी आली तशीच पुढे जाते. बदलते ती आज्ञा पोचवण्याची रीत, आणि त्या रीतीसोबत दिलेली हमी. दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या हमी दिलेल्या असतात आणि गेटवेला दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. अवघड काम ते आहे.

आधी थर बघू. फाइलच्या आज्ञा ज्या भाषेत असतात ती एएफपी. ॲपलटॉक १९८५ मध्ये आलं तेव्हा या आज्ञा वाहून नेणारी पूर्ण उतरंड त्याची स्वतःची होती. तळाशी डीडीपी, म्हणजे साधारण आयपीचं काम करणारा थर. त्यात नेटवर्कचा क्रमांक १६ बिटांचा आणि मशीनचा ८ बिटांचा. त्यावर एटीपी, म्हणजे 'एक विनंती, एक उत्तर' असे व्यवहार सांभाळणारा थर. त्याच्यावर सेशन सांभाळणारा एएसपी, आणि सगळ्यात वर एएफपी. नव्या बाजूला एएफपी तोच राहतो. खाली मात्र टीसीपी येतं, आणि टीसीपी व एएफपी यांच्यामधे डीएसआय नावाचा पातळसा थर येतो. त्याचं शीर्षक (हेडर) जेमतेम १६ बाइटांचं: आज्ञेचा प्रकार, विनंतीचा क्रमांक, त्रुटीचा आकडा, डेटाची लांबी, एवढंच. पोर्ट ५४८. गेटवेचं काम एका ओळीत सांगायचं तर एका बाजूला डीएसआय आणि दुसऱ्या बाजूला एएसपी.

ऐकायला सोपं वाटतं. मेख एटीपीमध्ये आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

डीडीपीच्या एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ५८६ बाइट डेटा मावतो. त्यातले ८ बाइट एटीपी स्वतःच्या शीर्षकाला घेतं, उरतात ५७८. एका विनंतीचं उत्तर जास्तीत जास्त ८ पॅकेटांत देता येतं. ८ गुणिले ५७८ म्हणजे ४६२४ बाइट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो सारखा भेटणार आहे. आठच पॅकेटं का, तर विनंतीत ८ बिटांचा एक नकाशा असतो, दर पॅकेटाला एक बिट. सुरुवातीला आठही बिटं १. उत्तरं येऊ लागली आणि समजा तिसरं पॅकेट वाटेत हरवलं, तर मागणारा तीच विनंती पुन्हा पाठवतो, पण आता नकाशात फक्त तिसऱ्याचं बिट १ असतं. सर्व्हर तेवढंच पुन्हा पाठवतो. अतिशय काटकसरी रचना आहे ही. पॅकेट कॅप्चरमध्ये तो नकाशा एकेक बिटाने मिटत जाताना पाहिला की ती करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

आता टीसीपीच्या बाजूचा क्लायंट बघा. त्याला या आठ पॅकेटांचं काही देणंघेणं नाही. टीसीपी म्हणजे वाहता प्रवाह. तो बिनधास्त म्हणतो, "या जागेपासून ६५,५३६ बाइट दे." गेटवेने ही आज्ञा तशीच पुढे ढकलली, तर जुना सर्व्हर ४६२४ बाइट देऊन थांबेल, आणि क्लायंटला वाटेल फाइल संपली. म्हणून गेटवे त्या एका आज्ञेच्या १५ आज्ञा करतो, दर वेळी जागा ४६२४ने पुढे सरकवतो, पंधरा उत्तरं गोळा करतो आणि क्लायंटला एकच उत्तर देतो. मधल्या एखाद्या तुकड्याला सर्व्हरने −५००९ म्हणजे फाइल संपल्याची त्रुटी दिली, तर पुढचे तुकडे मागायचेच नाहीत. तोवर मिळालेले बाइट आणि ती त्रुटी दोन्ही क्लायंटला द्यायची. यातलं एक जरी विसरलं तर फायली शेपटाकडून कापलेल्या येतात, आणि ही चूक छोट्या फायलींवर चाचणी करताना कधीच दिसत नाही.

वेगाच्या प्रश्नाचं उत्तरही याच तुकड्यांत आहे. गेटवेऐवजी बोगदा काढायची पद्धत फार जुनी आहे. ॲपलटॉकची अख्खी पॅकेटं यूडीपीत (आयपीवरचीच, पण पोचल्याची हमी न देणारी साधी रीत) गुंडाळून पलीकडे न्यायची. १९९३ सालच्या आरएफसी १५०४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीतींचे क्रमांकित दस्तऐवज) एयूआरपी नावाने ती नीट मांडलेली आहे. बोगद्यात काहीच बदलत नाही, त्यामुळे सगळं चालतं. पण प्रत्येक ४६२४ बाइटांची फेरी पूर्ण अंतर कापते. जाऊन येऊन १५० मिलिसेकंद लागत असतील आणि एका वेळी एकच आज्ञा चालू असेल, तर सेकंदाला सुमारे ३० किलोबाइटच्या वर काहीही केलं तरी जात नाही. लाइन कितीही जाड घ्या. बँडविड्थ वाढवून वैतागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा अडथळा लाइनच्या जाडीत नव्हताच, फेऱ्यांच्या संख्येत होता.

गेटवे सर्व्हरच्या शेजारी बसवला की त्या पंधरा फेऱ्या त्याच खोलीतल्या तारेवर होतात आणि लांबचं अंतर एकदाच कापलं जातं. म्हणून गेटवे नेहमी जुन्या सर्व्हरच्या टोकाला ठेवायचा, वापरणाऱ्याच्या टोकाला नाही. उलटं केलेलं मी अनेकदा पाहिलंय, कारण "आमच्याकडे जागा होती". तसं केलं की बोगद्याचाच वेग पदरात पडतो. मात्र सर्व्हर अजून लोकलटॉकच्या, म्हणजे ॲपलटॉकच्या मूळ संथ केबलवर असेल तर कुठलाही गेटवे मदत करू शकत नाही. ती तारच सेकंदाला २३०.४ किलोबिटांची आहे, म्हणजे पुन्हा ३० किलोबाइटच्या आत.

वाचण्यापेक्षा लिहिणं जास्त नाजूक. डीएसआयमध्ये लिहायची आज्ञा आणि लिहायचा डेटा एकत्र येतात. एएसपीत तसं नाही. तिथे क्लायंट आधी फक्त "मला लिहायचंय" असं सांगतो, मग सर्व्हर उलट त्याच्याकडे विनंती पाठवतो, "आण डेटा", आणि क्लायंट त्या विनंतीचं उत्तर म्हणून डेटा देतो. म्हणजे दिशा फिरते. गेटवेला इथे सर्व्हरच्या मागणीची वाट पाहत डेटा स्वतःजवळ धरून ठेवावा लागतो, आणि तोवर टीसीपीच्या बाजूने आणखी डेटा येत असतो. मेमरीचा हिशेब नीट केला नसेल तर मोठी फाइल कॉपी करताना गेटवे इथेच कोसळतो.

माझ्या गेटवेतली सगळ्यात त्रासदायक चूक लिहिण्याचीच होती. एएफपीत लिहायची जागा दोन प्रकारे सांगता येते: फाइलच्या सुरुवातीपासून किंवा शेवटापासून. मी तुकडे करताना दर वेळी जागेत ४६२४ मिळवत होतो. सुरुवातीपासून मोजायचं असेल तर ते बरोबर आहे. पण एक प्रोग्रॅम फाइलच्या शेवटी भर घालताना 'शेवटापासून शून्य' असं सांगायचा. पहिला तुकडा लिहिला की शेवटच पुढे सरकतो, आणि त्या नव्या शेवटापासून मी आणखी ४६२४ पुढे लिहीत होतो. फाइल उघडायची, पण मधे पोकळ्या. पहिली पोकळी ४६२४ बाइटांची, दुसरी तिच्या बरोबर दुप्पट. दुपटीचा तो आकडा दिसेपर्यंत मी डिस्कला दोष देत होतो. उपाय साधा निघाला. पहिल्या तुकड्याच्या उत्तरात सर्व्हर सांगतो की लिहिणं कुठे संपलं. तो आकडा धरायचा आणि पुढचे सगळे तुकडे सुरुवातीपासून मोजून लिहायचे. तुम्ही कुठलाही गेटवे निवडा, मोठ्या फाइलच्या शेवटी भर घालून, मूळ आणि प्रत बाइटला बाइट ताडून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी हमी 'एकदाच' होण्याची. एएसपीच्या आज्ञा एटीपीच्या अशा प्रकारात जातात की उत्तर हरवून विनंती पुन्हा आली, तरी सर्व्हर काम पुन्हा करत नाही; जपून ठेवलेलं उत्तरच परत देतो. फाइल पुसण्याच्या आज्ञेचा विचार करा. पहिल्यांदा ती पुसली गेली, उत्तर वाटेत हरवलं, दुसऱ्यांदा विचारल्यावर सर्व्हर म्हणाला "अशी फाइलच नाही", तर वापरणाऱ्याला खोटी त्रुटी दिसेल. गेटवे लिहिणाऱ्याने हा प्रकार न वापरता साधी विनंती वापरली, तर स्वच्छ नेटवर्कवर महिनोन्महिने काही कळत नाही.

तिसरी हमी जिवंत असण्याची. दोन्ही बाजूंना रीत सारखीच आहे: दर ३० सेकंदांनी "आहे मी" असा इशारा द्यायचा, आणि २ मिनिटं समोरून काहीच आलं नाही तर सेशन बंद समजायचं. मोह असा होतो की गेटवेने दोन्हीकडे आपापले इशारे पाठवत राहावं. हे चुकीचं आहे. लांबच्या माणसाने लॅपटॉप मिटला, टीसीपीला ते कळलंच नाही, आणि गेटवे मात्र सर्व्हरला दर ३० सेकंदांनी सांगतोय की तो माणूस आहे. त्या माणसाने उघडलेली फाइल लॉकच राहते. बाकीच्यांना −५०१३, म्हणजे 'हा भाग दुसऱ्याने लॉक केलाय', आणि तो दुसरा तर घरी झोपलेला. गेटवेने एका बाजूची शांतता दुसऱ्या बाजूपासून लपवायची नसते. एक सेशन मेलं की दुसरं लगेच बंद करायचं. सर्व्हर बंद होणार असल्याची पूर्वसूचना येते तीही अडवून न ठेवता तत्काळ पुढे द्यायची, नाहीतर लोकांचं न जपलेलं काम जातं.

नावांचं थोडक्यात सांगतो. ॲपलटॉकमध्ये सर्व्हर नावाने सापडतो: नाव, प्रकार आणि झोन (नेटवर्कमधला नाव दिलेला गट). टीसीपीच्या बाजूला झोन ही कल्पनाच नाही, तिथे पत्ता आणि पोर्ट. एकाच गेटवेमागे तीन सर्व्हर असतील तर तिघांना वेगळे पत्ते किंवा वेगळे पोर्ट द्यावे लागतात आणि त्यांची यादी कुणीतरी सांभाळावी लागते. लॉगिनच्या आधी क्लायंट सर्व्हरची माहिती मागतो: नाव, एएफपीच्या कुठल्या आवृत्त्या चालतात, पासवर्डच्या कुठल्या पद्धती चालतात. या उत्तरात प्रत्येक मजकूर कुठे सुरू होतो याचे आकडे आधी दिलेले असतात. गेटवेला त्यातून एखादी पद्धत काढून टाकायची असेल, समजा उघडा पासवर्ड चालू द्यायचा नाही, तर पुढचे सगळे आकडे नव्याने मांडावे लागतात. एक जरी चुकला तरी क्लायंट सर्व्हर सापडत नाही असं म्हणतो, आणि आपण नेटवर्क तपासत बसतो.

इतर घराण्यांत हाच खेळ वेगळ्या रूपात झाला. विंडोजची फाइल वाटण्याची भाषा एसएमबी; तिचं जुनं वाहन नेटबीईयूआय, ते राउटर ओलांडत नसे. १९८७च्या आरएफसी १००१ आणि १००२ ने एसएमबी ज्यावर चालत असे ती नेटबायॉसची सेवा टीसीपीवर आणली. तिथे सेशनच्या संदेशाआधी ४ बाइटांचं शीर्षक लावलं की काम भागतं, म्हणून ती वाट तुलनेने सोपी. विंडोज २०००पासून एसएमबी थेट ४४५ पोर्टवर आलं. नेटवेअर या नोव्हेलच्या सर्व्हर प्रणालीसाठी विंडोज एनटीत जो गेटवे होता तो मात्र खरं भाषांतर करायचा: इकडे एसएमबी, तिकडे नेटवेअरची स्वतःची भाषा एनसीपी. तिथे सगळे वापरणारे एकाच खात्यातून नेटवेअरमध्ये शिरायचे. नेटवेअरला माणसं दिसत नसत, फक्त गेटवे दिसे. कुणी काय पुसलं याचा माग तिथेच तुटायचा. सेशनच्या थरावर उभा असलेला गेटवे मला म्हणूनच अधिक आवडतो; त्यात प्रत्येक माणूस आपल्याच नावाने सर्व्हरपर्यंत पोचतो.

आता 'इंटरनेट' या शब्दाबद्दल, आणि इथे मी ठाम आहे. गेटवे बसवल्यावर ५४८ पोर्ट बाहेर उघडू नका. जुन्या सर्व्हरच्या पासवर्डची मर्यादा ८ अक्षरांची. काही पद्धतींत तो उघडाच जातो. ज्यांत जात नाही त्यांत डीईएस या जुन्या, कमकुवत कूटपद्धतीवर भिस्त असते. आणि लॉगिन कसंही झालं तरी नंतरचा सगळा डेटा उघडाच असतो. तो सर्व्हर आपल्याच माणसांच्या तारेसाठी घडवलेला आहे. ४४५ पोर्ट बाहेर उघडा ठेवल्याचे परिणाम मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दाखवले, आणि त्याने वापरलेल्या भोकाची दुरुस्ती तर मार्चमध्येच आली होती. जुन्या ॲपलटॉक सर्व्हरला दुरुस्ती येणारच नाही. गेटवेचा एक फायदा मात्र घ्या: एकदा गोष्ट टीसीपीवर आली की ती व्हीपीएनमधून किंवा एसएसएचच्या पोर्ट फॉरवर्डिंगमधून नेता येते. गेटवे फक्त आतल्या पत्त्यावर ऐकेल असा लावा आणि बाहेरचा माणूस व्हीपीएनमधूनच येऊ द्या.

आज प्रत्यक्ष काय बसवायचं? मॅकमध्ये ही सोय पूर्वी आतच होती. १९९९च्या मॅक ओएस ९ मध्ये फाइल शेअरिंग टीसीपीवरही चालू करता येत असे, म्हणून तुमचं मशीन ९ पर्यंत नेता येत असेल तर गेटवेची गरजच उरत नाही. पुढे २००९ मध्ये मॅक ओएस एक्सच्या १०.६ आवृत्तीतून ॲपलटॉक गेलं, आणि २०२० मध्ये बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीतून एएफपी सर्व्हरही. नव्या मशीनकडून म्हणून काही अपेक्षा ठेवू नका. मी हल्ली नेटाटॉक लावतो; ते लिनक्ससारख्या मशीनला एएफपी सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर आहे. ३.० मध्ये त्यातून ॲपलटॉक काढलं होतं, २०२४च्या ४.० मध्ये ते परत आलं. लिनक्सच्या मशीनवर नेटाटॉक, आणि त्याच फोल्डरवर सांबा, म्हणजे एसएमबीतून फायली देणारं सॉफ्टवेअर. पण एक फरक समजून घ्या: हा गेटवे नाही, हा मधला सर्व्हर आहे. तो तुमच्या जुन्या सर्व्हरमध्ये डोकावत नाही. जुन्या मशीनने क्लायंट म्हणून त्याच्याशी जोडून घेऊन फायली त्यावर आणून ठेवायच्या. सिस्टिम ७ चालवणाऱ्या मशीनला दोन्ही भूमिका येतात, त्यामुळे बहुतेकांचं यात भागतं. मशीन वायफायवर नको, तारेवर ठेवा. बरेच वायफाय पॉइंट ॲपलटॉकची पॅकेटं पुढे जाऊ देत नाहीत. व्हॉल्यूमच्या आकाराला २ गिगाबाइटची मर्यादा घाला, नाहीतर जुन्या क्लायंटला ३२ बिटांत न मावणारी मोकळी जागा भलतीच दिसते आणि तो कॉपी नाकारतो.

या मार्गात, शुद्ध गेटवेत नसलेला, एक धोका आहे. जुन्या मॅक फाइलचे दोन भाग असतात: डेटा फोर्क (साधा मजकूर) आणि रिसोर्स फोर्क (चिन्हं, फॉन्ट वगैरे जोडीचा ऐवज). नेटाटॉक दोन्ही जपतं, पण तीच फाइल सांबातून उचलताना रिसोर्स फोर्क मागे राहू शकतो. मजकुराच्या फाइलला त्याने फारसं बिघडत नाही. जुन्या फॉन्टच्या सूटकेस फायलींत मात्र डेटा फोर्क रिकामा असतो, सगळा ऐवज रिसोर्समध्ये. नव्या मशीनवर त्या शून्य बाइटांच्या दिसतात, लोक त्या कचरा समजून पुसतात, आणि मग जुनी कागदपत्रं उघडली की अक्षरांचे आकार गायब. सांबात फ्रूट नावाचं मॉड्यूल चालू करा आणि दोन्हीकडची साठवण्याची पद्धत जुळते ना ते पाहा. त्याहून खात्रीचं म्हणजे जुन्या मशीनवरच फायली बिनहेक्स किंवा मॅकबायनरीत (दोन्ही फोर्क एकाच फाइलमध्ये बांधणाऱ्या पद्धती) बांधायच्या आणि मग पलीकडे न्यायच्या. नावांत ३१ अक्षरांपलीकडे जाऊ नका, आणि नावात तिरकी रेघ असेल तर आधीच बदला.

सुरुवात एका फॉन्टच्या फाइलने करा. ती बांधून इकडून तिकडे न्या, परत आणा, जुन्या मशीनवर सोडवून उघडा. मग २० मेगाबाइटची एक फाइल घ्या, तिच्या शेवटी जुन्या प्रोग्रॅममधून भर घाला, जपा, आणि दोन्ही टोकांना चेकसम (फाइलच्या बाइटांवरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढा. ते जुळले की लोकांना जोडून द्या.